मोटेपासून बोअरच्या मोटारीपर्यंत: आपली मोटार पाण्यात कशी गेली आणि तिथं का जळते



मागच्या बुधवारी शेजारच्या तात्यांची मोटार वर काढली. साडेतीनशे फुटांवरून, चेनपुली लावून, सहा माणसं आणि अर्धा दिवस. तीन वर्षांत ही तिसरी वेळ. वाइंडिंगवाल्या मामांनी ती उघडली आणि बघितलं न बघितलं तोच म्हणाले, "दोन फेजवर चालली." तीन कॉइलगटांपैकी दोन गटांच्या तारेचं प्लास्टिक वितळून गोळा झालेलं, तिसरा गट नव्यासारखा. तात्या म्हणाले, "अहो, पण मी एसपीपी बसवलाय की." स्टार्टरची पेटी उघडून पाहिली. एसपीपी होता. त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पिळा मारून ठेवलेल्या. म्हणजे डायरेक्ट. कुणी केलं, कधी केलं, आठवत नाही.

आपण मोटार बदलतो, कंपनी बदलतो, वाइंडिंगवाला बदलतो. पण ही मोटार आपल्याकडं आली कशी, आणि तिच्या सोबतची राखणदार यंत्रं एकेक करून का आली, हे कुणी सांगत नाही. मी दहावी शिकलेला माणूस, इंजिनिअर नव्हे. जे पाहिलं, वाचलं आणि हात भाजून शिकलो ते लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात मोटेपासून. माझा जन्म १९७१ चा, मोट मी शेवटची शेवटची पाहिली. चामड्याची मोट, नाडा आणि सोल, विहिरीच्या काठावर चाक, आणि बैलांना उतरायला धाव. बैल धावेवरून खाली उतरले की मोट वर यायची आणि थारोळ्यात पाणी ओतायची. मग बैलांनी पाठीमागं सरकत वर यायचं. या परत येण्यात पाण्याचा थेंब मिळत नव्हता, पण बैल दमायचे तेवढेच, आणि परत आल्याशिवाय पुढची मोट भरायची नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मोट गेली आणि ऑइल इंजिन आलं. हँडल मारताना मनगट सांभाळायचं, आणि डिझेलचे डबे वाहायचे. आमच्या आबांच्या मते इंजिन बैलापेक्षा बरं, कारण उभं असताना खात नाही.

वीज तोपर्यंत महाराष्ट्रात नव्हती असं नाही. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. घाटावरचं पाणी खाली सोडून केलेली ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पुढं मुळशीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली तिथं सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यातूनच पुढं आले. म्हणजे विजेसाठी जमीन देणारा पहिला शेतकरीच होता. त्याच्या विहिरीवर वीज यायला पुढं चाळीस वर्षं लागली. १९६० मध्ये वीज मंडळ स्थापन झालं, १९६२ मध्ये कोयनेचा पहिला टप्पा सुरू झाला, १९६९ मध्ये केंद्रानं ग्रामीण विद्युतीकरण निगम काढलं आणि गावोगाव पंपांच्या लाइनीला पैसा मिळू लागला. आमच्या नगर जिल्ह्यातल्या या अवर्षणाच्या पट्ट्यात खांब उभे राहिले ते १९७२ च्या दुष्काळानंतर. त्या दुष्काळानं दोन गोष्टी शिकवल्या, असं आण्णा म्हणायचे: सुकडी खायला आणि विहीर खोल करायला.

आता तीन फेज. घरात एक फेज पुरतो, मग मोटारीला तीन का? १८८८ च्या सुमाराला टेस्ला आणि इटलीचे फेरारिस यांनी दाखवलं की मागेपुढे चालणारे वेगवेगळे प्रवाह कॉइलमध्ये सोडले तर आत फिरतं चुंबकत्व तयार होतं, आणि लोखंडाचा रोटर त्यामागं आपोआप ओढला जातो. ब्रश नाही, ठिणगी नाही. पुढच्याच वर्षी जर्मनीत काम करणाऱ्या डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या रशियन इंजिनिअरनं तीन फेजची, साध्या पिंजऱ्याच्या रोटरची मोटार केली. आपल्या बोअरमध्ये आहे ती तिचीच नात. १८९१ साली नेकर नदीवरच्या लाउफेन गावातून १७५ किलोमीटरवर फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात तीन फेजची वीज नेली. तिच्यावर हजारभर दिवे लावले, आणि १०० एचपीची एक मोटार चालवून कृत्रिम धबधबा पाडला. मला ही गोष्ट फार आवडते. तीन फेजची वीज लांबवर नेऊन पहिल्यांदा जे काम केलं, त्यात पाणी चढवणं होतं.

या मोटारीचा एक गुण आहे, आणि तोच तिचा दोष. तीन फेज असल्याशिवाय ती सुरू होत नाही. पण एकदा फिरू लागली आणि मधेच एक फेज गेला, तर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, आणि त्या दोनांतला करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. वर पाणी येत असतं, थोडं कमी. माणूस बांधावर बसून बघतो, चालू आहे म्हणून समाधान. आत दहा मिनिटांत कॉइल गेली.

पहिल्या मोटारी मोनोब्लॉक, विहिरीच्या वर नाहीतर आत कठड्यावर. पंप पाणी ओढतो म्हणजे हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि तो दाब हिशोबानं ३४ फुटांपलीकडं ढकलू शकत नाही. प्रत्यक्षात २० ते २२ फूट धरा. विहीर ४० फुटांची होती तोवर मोटार मधल्या टप्प्यावर बसवली की भागायचं. विहिरी ६० फुटांवर गेल्या तशी मोटारही खाली उतरली. मग पावसाळ्यात रात्री ओढ्याला पाणी आलं की पळापळ. मी पाचवी-सहावीत असेन, एका रात्री आण्णा कंदील घेऊन विहिरीत उतरले आणि मोटारीचे नट खोलू लागले. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. आई वरून ओरडत होती, "अहो, मोटार जाऊ द्या!" आण्णा वर आले, मोटार खाली राहिली. त्याशिवाय फुटबॉल गळायचा (फुटव्हॉल्व्हला आमच्याकडं सगळे फुटबॉलच म्हणतात). मग शेणकाला ओतून, बादल्या ओतून पंप भरायचा. नवी पिढी हे विसरली, बरंच झालं.

पाण्यात बुडालेली मोटार जळते, तर मग मुळातच बुडून राहणारी मोटार का करू नये? हा विचार आधी तेलविहिरीवाल्यांनी केला. तिफ्लिसचा आर्मेनियन माणूस, आर्मेस अरुटुनॉफ, रशियातून जर्मनीत आणि तिथून अमेरिकेत गेला. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्यानं कॅन्ससच्या तेलविहिरीत लांबोळकी बारीक मोटार पंपासकट खाली सोडली. १९३० पासून ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलमध्ये त्याची रेडा कंपनी असे पंप करू लागली. वरून ओढायच्या ऐवजी खालून ढकलायचं. खालून ढकलताना २२ फुटांची अट उरत नाही.

पाण्यासाठीची सबमर्सिबल पुढं त्याच विचारातून आली. आपल्याकडच्या बहुतेक मोटारी आतून पाण्यानंच भरलेल्या असतात. वाइंडिंगची तार प्लास्टिकच्या वेष्टनाची, बेअरिंगला वंगण पाण्याचं, आणि थंडावा बाहेरून वाहणाऱ्या पाण्याचा. यातून काय होतं बघा. मोनोब्लॉक तापली की हाताला कळायची, वास यायचा, आवाज बदलायचा. सबमर्सिबल साडेतीनशे फुटांवर अंधारात. तिचा ताप कळायचा एकच मार्ग उरला, वरच्या पेटीतला अँपियर मीटर. आणि किती पेट्यांत तो चालू आहे, जरा आपापल्या शेतात जाऊन बघा.

राखणदारांचा इतिहास म्हणजे आपल्या जळालेल्या मोटारींचाच इतिहास. पहिला राखणदार फ्यूज. शॉर्ट झाला तर तुटायचा, पण एकच तुटला की दोन फेज राहायचे. म्हणजे राखणदारच घात करायचा. मग हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर, त्यात ओव्हरलोड रिले. रिलेत दोन धातूंची पट्टी असते, करंट वाढला की तापून वाकते आणि स्टार्टर पाडते. पण सबमर्सिबलचं वाइंडिंग दाटीवाटीचं, ते पट्टीच्या आधी तापतं. म्हणून तिला चटकन पडणारा रिले लागतो, आणि मोटारीच्या प्लेटवरच्या अँपियरवर लावलेला. उन्हाळ्यात पत्र्याची पेटी तापते, रिले दुपारी उगाच पडतो, मग आपण काटा शेवटच्या आकड्यावर नेतो. काही जण रिलेत आगपेटीची काडी घालतात. मीही घातलीय, खोटं कशाला बोलू.

दहावीनंतर शेतात आलो, त्या ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, आमच्याकडं सिंगल फेज प्रिव्हेंटर म्हणजे एसपीपी दिसू लागला. एक फेज गेला की स्टार्टर पाडतो, दोन फेज उलटसुलट झाले तरी सुरू होऊ देत नाही. यातही एक गोम आहे, ती मला फार उशिरा कळली. फिरती मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच थोडं व्होल्टेज तयार करते. त्यामुळं नुसतं व्होल्टेज बघणारा स्वस्त एसपीपी कधी कधी फसतो. करंट बघणारा फसत नाही. शिवाय करंट बघणारा ड्राय रनही ओळखतो, कारण पाणी संपलं की मोटारीचा भार उतरतो आणि अँपियर खाली येतो. आमच्या काळ्या पाषाणात बोअरचं पाणी एप्रिलमध्ये तासाभरात तुटतं. तिथं हा राखणदार नसेल तर बेअरिंग कोरडं घासून जातं.

मग हे सगळं कळत असूनही एसपीपी डायरेक्ट का होतो? याचं उत्तर मोटारीत नाही, विजेच्या इतिहासात आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडं शेतीपंपाला एचपीवर दर आला. मीटर नाही, युनिट नाही, जेवढे एचपी तेवढे पैसे. मीटर वाचायला माणूस लागत नव्हता, आपल्यालाही सोपं. पण त्या दिवसापासून दोन सवयी लागल्या. एक, वीज किती खाल्ली याचा विचारच संपला. दुसरी जास्त वाईट, कागदावर एचपी कमी लिहायचे. कागदावर तीन, बोअरमध्ये पाच. डीपी बसते कागदावरच्या एचपीला, आणि जळते बोअरमधल्या एचपीनं.

पुढं भारनियमन आलं. गावठाणाला दिवे राहावेत म्हणून लाइनीवर सिंगल फेज ठेवायचे आणि पंपांचे तीन फेज बंद. तेव्हा आपल्या लोकांनी कंडेन्सर शोधला. मोठे कंडेन्सर लावून तिसरा फेज उसना उभा करायचा आणि दोनावर मोटार चालवायची. त्यासाठी एसपीपी डायरेक्ट करावाच लागतो, नाहीतर तो चालू देत नाही. ऊस वाळत असताना रात्री दोन वाजता माणूस काय करणार? मी नावं ठेवत नाही. पण गावठाणाची लाइन वेगळी झाली, पंपांना आठ तास का होईना तीन फेज मिळू लागले, तरी पिळा मारलेल्या वायरी तशाच राहिल्या. तात्यांच्या पेटीतला पिळा त्याच काळातला असणार.

आणि ऑटो स्विच. लाइट रात्री येणार, रात्री बिबट्या, साप, थंडी. ऑटो लावला की माणूस घरी झोपतो. पण सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. लाइट आली आणि डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या, की किटकॅट उडतो. एक फेज गेला, बाकीच्या मोटारी दोनावर. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता पॉवर फॅक्टर. हा शब्द ऐकला की लोक उठून जातात. बसा, मोटेवर परत जाऊ. मोटार चालते ती आतल्या चुंबकत्वावर. ते चुंबकत्व उभं करायला जो प्रवाह लागतो तो पाणी उचलत नाही. तो दर चक्राला डीपीकडून येतो आणि परत जातो, बैल धावेवरून मागं सरकतात तसा. पाणी देत नाही, पण त्याच्याशिवाय मोट भरत नाही. तारेला आणि डीपीला दोन्हींचं ओझं. पॉवर फॅक्टर पाऊण म्हणजे तारेतल्या १०० च्या ओझ्यापैकी खरं काम ७५ चं.

कपॅसिटर काय करतो? हा चुंबकाचा प्रवाह मोटारीजवळच उसना देतो आणि परत घेतो. त्यामुळं तो डीपीपासून आणावा लागत नाही. इथं मोठा घोटाळा आहे: दोन फेजवर चालवायचा कंडेन्सर आणि पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर, दिसायला भाऊ, कामाला वैरी. पहिला मोटार मारतो, दुसरा डीपी वाचवतो. आणि दुसऱ्यामुळं मोटारीच्या आतला करंट कमी होत नाही, हेही खरं सांगितलं पाहिजे. कमी होतो तो स्टार्टरच्या मागं, तारेत. व्होल्टेज थोडं उचलतं, त्याचा फायदा तुमच्या मोटारीला आणि शेजाऱ्याच्याही. म्हणूनच तो कुणी लावत नाही. कारखान्याला पॉवर फॅक्टर घसरला तर बिल वाढतं, सुधारला तर उतरतं. एचपीवर पैसे भरणाऱ्या शेतकऱ्याला दोन्ही नाही. नव्या कनेक्शनच्या कागदात कपॅसिटर लागायचा म्हणून आणायचा. वर्षभरात तो फुगला की वायर तोडून तिथंच लटकत ठेवायचा. आमच्याकडं एकाच्या पेटीत त्याच्यावर गांधीलमाश्यांनी घर केलं होतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात, दुष्काळाचं वर्ष, आमची १०० केव्हीएची डीपी एप्रिलमध्ये जळाली. पंधरा मोटारी. कागदावर ५९ एचपी, खऱ्या ७५. डीपी यायला एकोणीस दिवस गेले. माझ्या डाळिंबाला अंबे बहाराची फळं लिंबाएवढी होती. टँकरनं झाडं जगवली, फळं गळाली. पुढं सगळी विकली असती तर मुलीच्या लग्नाचं कर्ज फिटलं असतं. फिटलं नाही. ऑफिसला शिव्या दिल्या, द्यायच्याच होत्या. पण रात्री हिशोब मांडला, आणि तो आमच्याच विरुद्ध निघाला.

हिशोब असा. १०० केव्हीएची डीपी एका फेजला साधारण १३३ अँपियर देऊ शकते. पाच एचपीची सबमर्सिबल, पॉवर फॅक्टर पाऊण धरला तर साधारण ९.८ अँपियर ओढते. पंधरा मोटारींचे झाले १४७. डीपी आधीच वाकलेली. व्होल्टेज पडलं की करंट आणखी चढतो, ते वेगळंच. आता प्रत्येकीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला, तर तारेतला करंट ८.३ च्या आसपास येतो. पंधरांचे १२४.५. डीपी आत बसली. आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गानं चालते, म्हणून ती जवळपास ३० टक्क्यांनी उतरते. तेच पाणी, त्याच मोटारी.

डीपी आल्यावर पंधरा जणांना पारावर बसवलं. तीन बैठका, दोन भांडणं. एक जण म्हणाला, "माझ्या पैशानं तुझं व्होल्टेज वाढणार, मग मी का घालू?" त्याला उत्तर नव्हतं, एवढंच म्हणालो की तुझ्या उसाला पाणी माझ्याच डीपीवरून जातं. शेवटी चौदा जणांनी कपॅसिटर लावले. ऑटो स्विच काढायला फक्त नऊ तयार झाले. उरलेल्यांना उशिरा सुरू होणारा टायमर लावायला लावला, कुणाचा दोन मिनिटांनी, कुणाचा चार मिनिटांनी, म्हणजे सगळ्या मोटारी एकदम उठत नाहीत. मला हा तोडगा ऑटो काढण्यापेक्षा जास्त पटतो, कारण तो माणसाच्या झोपेशी भांडत नाही.

जोडताना आमच्याकडून एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. कपॅसिटर ओव्हरलोड रिलेच्या पुढं, मोटारीच्या बाजूला जोडला, की रिलेला कमी झालेला करंट दिसतो. मोटार दहा अँपियर खाते आणि रिले समजतो साडेआठ. मग रिलेचा काटा तेवढा खाली आणावा लागतो. नाहीतर कपॅसिटर कॉन्टॅक्टरच्या पुढं पण रिलेच्या आधी जोडा. कॉन्टॅक्टरच्या मागं मात्र नको, मोटार बंद असताना तो लाइनीवर राहता कामा नये. आणि लाइट बंद केली तरी कपॅसिटर लगेच हातात धरू नका, त्यात साठलेलं उतरायला वेळ लागतो. माझ्या पुतण्यानं धरला होता. आता धरत नाही.

२०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बळीराजा मोफत वीज योजना आहे. २००४ मध्येही मोफतची घोषणा झाली होती, ती पुढच्या वर्षी मागं घेतली. बिल शून्य आलं हे चांगलंच आहे. वाइंडिंगवाल्या मामांचं बिल मात्र शून्य येत नाही, आणि मोफत विजेत कपॅसिटर लावायचं कारण आणखीच उरत नाही. सोलरवाल्यांचं वेगळं, त्यांचा ड्राइव्ह फेज स्वतः तयार करतो. पण आमच्या साडेतीनशे फुटांना ढगाळ दिवशी सोलर अजून कमी पडतं.

तात्यांची मोटार शनिवारी परत सोडली. पिळा सोडवून एसपीपी जोडला, बंद पडलेला अँपियर मीटर बदलला, पंधरावा कपॅसिटर बसला. सुरू केल्यावर तिन्ही फेज पाहिले: ९.४, ९.६, ९.९. स्टार्टरच्या मागं ८.२, ८.३, ८.५. तात्यांनी खडूनं ते आकडे पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसकट लिहून ठेवले.